रेगेच्या तबकडीत मेहुण्याचे गाणे

मित्रांनो, मी स्टुडिओतला जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मला माझीच शिसारी येते. आपली गोष्ट सांगताना असे कोणी सुरुवातीलाच बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगावा, मग कौतुक सांगावे, मग हळूच डोळे पुसावेत, अशी रीत आहे. तीही मी पाळीन. पण तोंडात आंबलेला घास असला की माणूस आधी थुंकतो आणि मग बोलतो.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी माझ्या पोटातल्या तारा एकेक करून जोडल्या. माझ्या अंगावर ताटाएवढ्या दोन चकत्या बसायच्या. डावीकडच्या चकतीवरची तपकिरी फीत उजवीकडच्या चकतीवर जायची आणि वाटेत तिला माझी तीन डोकी लागायची. पहिले डोके पुसायचे, दुसरे लिहायचे, तिसरे वाचायचे. तांबडे बटण दाबले की पहिली दोन्ही एकदम कामाला लागत. म्हणजे एखाद्या जागी नवे लिहायचे असेल, तर तिथले जुने मी आधी पुसणारच. त्यात मला कोणी विचारत नसे.

मी ज्या स्टुडिओत आलो तो मालकांच्याच फरशीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. खालून वर यायला अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते आणि खिडकीत जुनी गादी कोंबलेली होती, कारण खाली फरशी कापायचे यंत्र सुरू झाले की गायकाचा सूर आणि फरशीचा सूर एकमेकांत मिसळत. मालक स्वतः सुरातले ओ की ठो जाणत नव्हते. पण स्टुडिओ त्यांचा होता आणि दारावरच्या पाटीवर नावही त्यांचेच होते.

मला सांभाळायचे ते काका. ध्वनिमुद्रणाचे सगळे काम त्यांच्याकडे. सगळे जण त्यांना ब्लेडकाका म्हणत, कारण फीत कापायचे ब्लेड त्यांच्या खिशात कागदात गुंडाळलेले असायचे. गाणे चुकले की ते फीत बरोबर त्या श्वासावर कापत आणि चिकटपट्टीने अशी जोडत की जोड शोधूनही सापडत नसे. रोज सकाळी कापसाला स्पिरिट लावून ते माझी तिन्ही डोकी पुसायचे. "चल रे पोरा, तोंड धू," असे म्हणायचे. मला त्यांच्याइतका जीव कोणी लावला नाही. म्हणूनच पुढचे सांगताना जड जाते.

रेगे हे संगीत आमच्याकडे आले ते एका वेल्डरबरोबर. मालकांना आधी वाटले, रेगे नावाचे कोणी गृहस्थ भेटायला आले आहेत. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि रेगेसाहेब मागून येताहेत का, असे विचारले. वेल्डरने खांद्यावरची गिटार काढून वाजवूनच दाखवले. दूरच्या एका बेटावरून आलेली ही चाल. आपण जिथे टाळी देऊ तिथे गिटार गप्प बसते, आणि आपण हात वर उचलतो तिथे ती 'च्यक' करते. तळाशी बेस नावाची जाड आवाजाची गिटार सावकाश चालत असते. घाई कोणालाच नसते, पण तक्रार सगळ्यांची असते.

बेस वाजवायची ती वेल्डरची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत. ती शाळेचे गणवेश शिवायची. बोटांना सुया टोचून टोचून इतके घट्टे पडले होते की जाड तारांचे तिला काहीच वाटत नसे. ड्रम वाजवणारा टेम्पो चालवायचा आणि ऑर्गन वाजवणारी त्याची बायको होती. असे हे चौघे. त्यांच्या तीन तबकड्या माझ्यावरून गेल्या.

आता त्या तबकड्यांतली गंमत ऐका. गंमत कसली, घाणच ती. पहिली तबकडी भरताना एका बाजूला अडीच मिनिटे कमी पडली. मालक म्हणाले, रिकामी जागा बरी दिसत नाही. कपाटात एका शाळेच्या कवायतीचा बँड पडून होता, तो उचलून लावला. म्हणजे वेल्डर घामाच्या आणि भाकड दिवसांच्या गोष्टी सांगतोय, आणि लगेच 'डावा उजवा, डावा उजवा'. दुसऱ्या तबकडीच्या वेळी तबकड्या काढणाऱ्या कारखान्याला चुकीची चकती गेली. त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये एका दंतवैद्यांचे 'हिरड्यांची निगा' हे भाषण तीन मिनिटे वाजले. ज्यांनी ती तबकडी विकत घेतली त्यांना वाटले, यातही काही खोल अर्थ असेल. कोणी परत आणून दिली नाही. मालकांनी त्यातून एवढाच धडा घेतला की लोकांना काहीही चालते.

तिसऱ्या तबकडीत एक गाणे होते, 'साबण'. त्या दोघा भावंडांचे वडील सरसाच्या कारखान्यात कामाला होते. जनावरांची हाडे उकळून तिथे डिंकासारखा सरस बनवत. त्या वासाने माणसाची कातडीच भिजते. वडील घरी आले की अंगणात तीनदा साबण लावून आंघोळ करत, तरी वास जायचा नाही. म्हणून ते पानावर न बसता दाराशी, वाऱ्याच्या तोंडाला बसून जेवत. एके दिवशी लहानग्या ताईने त्यांच्यासमोर नाक दाबले होते. बस, एवढेच. गाणे त्या एका क्षणावर होते. शब्द वेल्डरने लिहिले होते, पण गायला तो तयार होईना. ताईला म्हणाला, नाक तू दाबलं होतंस, मी नाही. हे तुलाच म्हणावं लागेल.

ताई तोवर कधी गायली नव्हती. तिने बेस गळ्यात ठेवला, डोळे माझ्या फिरत्या चकत्यांवर लावले आणि एका दमात गायली. आवाज काही गोड नव्हता. सुती कापड फाडताना येतो तसा होता. चार मिनिटे अकरा सेकंद. शेवटची तार थांबली तेव्हा ड्रमवाला मान खाली घालून बसला होता. काकांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि पुन्हा घ्यायची गरज नाही एवढेच ते बोलले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी लिहिलेले सगळ्यात चांगले तेच.

पुढच्याच आठवड्यात मालकांचा मेहुणा आला. लग्नात नवऱ्याला बायको मिळते आणि मेहुणा वर फुकट गळ्यात पडतो, तसा हा होता. दर समारंभात गायचा. आपली तबकडी निघावी, ही त्याची जन्माची इच्छा होती, आणि मालकीणबाईंनी तेवढ्यासाठी घरात चार दिवस अबोला धरला होता. मालकांनी हात टेकले. काकांना म्हणाले, तिसऱ्या तबकडीतलं ते रडकं गाणं काढा, त्या जागी याचं घ्या. 'साबण' जपून ठेवा, पुढच्या खेपेला वापरू. काकांनी मान डोलावली.

मेहुणा भर दुपारी आला. अंगाला अत्तराचा भपकारा. तोंडात खोकल्याची गोळी, ती तो गाण्याच्या मधल्या जागांत गालातून गालात फिरवायचा आणि तो चिकट चटचट आवाजही मला लिहावा लागला. 'ट' आणि 'प' आले की मायक्रोफोनच्या जाळीवर तुषार उडत. सोबत दोन व्हायोलिनवाले होते, जे भिंतीकडे बघून वाजवत होते. गाणे प्रेयसीच्या गुलाबी गालांवर होते. ते गाल गाण्यात बावीस वेळा आले. मी मोजले.

गाणे घ्यायला कोरी टेप लागणार होती. कोऱ्या टेपा कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली खाली दुकानात मालकीणबाईंच्या गल्ल्यात होती. काका जिन्यापर्यंत गेले. खाली वाकून पाहिले. ऊन मी म्हणत होते. मग ते परत आले. माझ्यावर वेल्डरच्या चौघांची चकती चढलेलीच होती. त्यांनी ती पुढे सरकवली, 'साबण' जिथे सुरू होत होते तिथे थांबवली, आणि तांबडे बटण दाबले.

मी पुसले. पहिल्या डोक्याने ताईला पुसले आणि दुसऱ्या डोक्याने त्याच जागी ते गाल लिहिले. माझी डोकी त्या सकाळीच स्वच्छ केलेली होती, त्यामुळे काम चोख झाले. मेहुण्याचे गाणे ताईच्या गाण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाने लहान निघाले. त्यामुळे शेवटी ताईच्या आवाजाची थोडी शेपटी उरली होती. काकांनी ती ब्लेडने कापून टोपलीत टाकली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी ती फीत गच्चीवर टोमॅटोच्या कुंड्यांना बांधली, पाखरे येऊ नयेत म्हणून. ती वाऱ्यावर फडफडायची आणि पाखरे खरोखरच येत नसत.

तबकडी निघाली. वरचा गोल कागद आधीच छापून झाला होता, त्यामुळे त्यावर 'साबण' असेच नाव होते आणि सुई टेकवली की मेहुण्याचे गुलाबी गाल वाजत. मेहुणा रागावला, कारण त्याचे नाव कुठेच नव्हते. वेल्डर तबकडी घेऊन अकरा पायऱ्या चढून आला आणि आमची मूळ टेप द्या, एवढेच म्हणाला. मालकांनी काकांकडे बोट दाखवले. काका म्हणाले, ती खराब झाली. वेल्डरने तबकडी काखेत मारली आणि तो जिना उतरला. ताई खाली रस्त्यावरच उभी होती, ती वर आलीच नाही. त्यानंतर ते चौघे गाणे घेऊन पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत.

काकांनी त्या दिवसापासून मला 'पोरा' म्हणणे सोडले. डोकी पुसायचे, पण मुकाट्याने. मग नवी यंत्रे आली, फितीचा जमाना गेला, स्टुडिओ बंद पडला. माझ्यावर कापड टाकले गेले. कापडाखाली झुरळांनी अंडी घातली. उंदराने माझ्या मागच्या तारांवर जे केले ते मी सांगत नाही. वर मालकांनी मोडक्या खुर्च्या रचल्या. मला त्याची फारशी घृणा आली नाही, मित्रांनो. उंदीर निदान खोटे बोलत नाही.

तीस वर्षे गेली. मग एक दाढीवाला अभ्यासक आला. रेगेच्या तबकड्यांवरची विजोड गाणी हा त्याचा विषय होता. कुठल्या तबकडीवर कोणते गाणे शोभत नाही आणि ते तिथे कसे आले, यावर तो लेख लिहीत होता. आमच्या तिसऱ्या तबकडीसाठी त्याने बारा पाने आधीच लिहून आणली होती. त्याचे म्हणणे असे की 'साबण' नावाखाली गुलाबी गालांचे गाणे घालणे, ही जाहिरातींच्या जगाला मारलेली जबरदस्त चपराक आहे. त्याला मूळ फीत ऐकायची होती. काका तोवर फार थकले होते, तरी त्यांनी आठवडाभर खपून मला उघडले, साफ केले, नवा पट्टा घातला. मी पुन्हा फिरू लागलो.

ठरल्या दिवशी सकाळी खोलीत चौघे होते. अभ्यासक, काका, काठी टेकत आलेले मालक आणि ताई. वेल्डर फुप्फुसांच्या दुखण्याने कधीच गेला होता, टेम्पोवाल्यांचा पत्ता नव्हता, म्हणून अभ्यासकाने ताईला शोधून आणले होते. ती हातावर पिशवी अडकवून मोडक्या खुर्चीच्या कडेवर बसली. केस पांढरे झाले होते. बोटांचे घट्टे तसेच होते.

अभ्यासकाने आपले छोटे यंत्र चालू केले आणि मालकांना विचारले. मालक खुलले. म्हणाले, कल्पना या कलाकारांचीच होती. मी विरोध केला होता, पण कलावंताला अडवू नये, असे माझे तत्त्व आहे. हे त्यांनी ताईच्या तोंडावर सांगितले. जाळीवर उडालेली ती थुंकी मला आठवली.

ताई खालच्या आवाजात बोलली. "आम्हाला तबकडी हातात पडल्यावर कळलं. मला वाटलं, मी वाईट गायले म्हणून काढलं."

ती पुढे सांगत गेली, सांगायचे नसावे अशा तऱ्हेने. भावाने खूप समजावले, पण त्यानंतर ती गायली नाही. बेसही विकला. मुलीला झोपवतानासुद्धा नुसती थोपटायची. शब्दांचा कागद भावाकडे होता, तो त्याच्याबरोबर गेला.

काकांचा हात माझ्या कडेवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"तू वाईट गायली नव्हतीस," ते म्हणाले. "टेप खराबही झाली नव्हती. मी तिच्यावरच दुसरं गाणं घेतलं. कोऱ्या टेपा कपाटात होत्या. किल्ली खाली होती. मला जिना उतरायचा कंटाळा आला."

मालकांना एकाएकी रक्तदाबाची गोळी घ्यायची आठवण झाली आणि ते काठी टेकत निघून गेले. अभ्यासकाने पुढे वाकून आपले यंत्र बंद केले. हे नंतर बघू, असे तो पुटपुटला. बारा पाने होती, मित्रांनो. बारा पाने एका कंटाळ्यापायी कोण फाडणार?

ताई रडली नाही. तिने काकांना विचारले, कोरी टेप आहे का. होती. काकांनी ती चढवली आणि मायक्रोफोन तिच्यासमोर ठेवला. तिने घसा साफ केला. तो फाटक्या सुती कापडाचा आवाज आता आणखी विरला होता.

"तीनदा साबण, तीनदा पाणी, तरी दाराशीच बसलास,
मी नाक दाबलं, बाबा, आणि तू नुसता हसलास."

इथे ती थांबली. पुढचे आठवत नव्हते. काकांनी फीत मागे घेऊन तिला ऐकवली. तिने मान कलती करून, शिवण तपासावी तसे ऐकले. मग म्हणाली, "आता पुसून दाखवा."

काकांना कळेना. ते म्हणाले, हे जाईल, पुन्हा यायचं नाही.

"जाऊ दे. दोन ओळी मला पाठ आहेत. कसं पुसतात ते मला बघायचंय."

काकांनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा तांबडे बटण दाबले. मायक्रोफोन बंद होता. माझ्या चकत्या फिरल्या. काही आवाज नाही, धूर नाही, काही नाही. वीस सेकंद झाले. काकांनी फीत मागे घेतली आणि वाजवली. नुसती खरखर.

"इतकं सोपं असतं?" ताई म्हणाली. "मला वाटायचं, त्याला काहीतरी करावं लागत असेल."

ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. काकांनी तिला नमस्कार केला, तो तिने पाहिला नाही, की पाहून घेतला नाही, ते मी सांगू शकत नाही. लेख पुढे छापून आला. चपराक होती तिथेच होती. ताईचा उल्लेख एका ओळीत होता : बेस वाजवणारी.

मित्रांनो, आता मी एका चहाच्या दुकानात शोभेला आहे. माझ्या डोक्यावर झाडाची कुंडी आहे आणि तिचे पाणी माझ्यात झिरपते. मला पुसा, झाका, कोरड्या जागी ठेवा, असे मी मागत नाही. माझे काय व्हायचे ते होवो. पण कोणी विश्वासाने काही तुमच्यापाशी ठेवायला दिले, तर त्याच्यासाठी जागचे उठा. पुसायला काहीच करावे लागत नाही, हे मी पुसणारा स्वतः सांगतो आहे. आणि उठायचा कंटाळा केलाच, तर तसे त्याच दिवशी कबूल करा. काकांनी तीस वर्षांनी सांगितले ते अक्षर न् अक्षर खरे होते आणि कोणाच्या उपयोगाचे नव्हते. वेल्डर तबकडी घेऊन वर आला, त्या दिवशी सांगितले असते, तर शब्दांचा कागद त्याच्या खिशात होता आणि ताई खाली रस्त्यावर उभी होती. तिला हाक मारली असती, तर ती वर येऊन पुन्हा गायली असती.